नवा विद्यार्थी : विद्यापीठाचा सभासद

(शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी विद्यार्थी आघाडीच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मृगाचा पाऊस पडला की शेतात पेरणीचा आणि शहरात प्रवेशाचा हंगाम एकदमच सुरू होतो. बारावीचा निकाल लागलेला असतो. अर्ज संगणकावर भरून झालेला असतो. तरीही कागदपत्रांच्या तपासणीसाठी विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या खिडकीपुढे उभे राहावेच लागते. हातात गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला यांची पिशवी. बरोबर एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला बाप किंवा थोरला भाऊ. घरातील कोणीही याआधी या इमारतीची पायरी चढलेले नसते. 'शुल्क', 'पात्रता', 'सत्र', 'श्रेयांक' हे सारे शब्द त्यांना नवे असतात, आणि खिडकीमागच्या माणसाला ते समजावून सांगायला फुरसत नसते.

विद्यार्थी चळवळीच्या वर्षाचा प्रारंभ या खिडकीपाशी होतो. परिषद, मोर्चा, निवडणूक हे सारे पुढचे. पहिल्या पंधरवड्यात नवा विद्यार्थी जे पाहतो त्यावरून तो मनाशी एक निर्णय घेतो : ही जागा आपली आहे, की आपण येथे कोणाच्या तरी मेहेरबानीने आलो आहोत? हा निर्णय पुढची तीन वर्षे, पुष्कळदा पुढचे सारे आयुष्य, घडवितो. म्हणून नव्या विद्यार्थ्याचे स्वागत हा गुलाबाचे फूल देऊन उरकण्याचा समारंभ मानता येत नाही. विद्यापीठ कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाला दिलेले ते पहिले व्यावहारिक उत्तर होय.

विद्यापीठ कोणाचे?

१८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. ती कोणाच्या पैशावर चालतात आणि त्यांचा लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न पंचवीसच वर्षांनी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढील आपल्या निवेदनात मांडला. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि त्यातून चालणारे उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडते, हे त्यांनी राज्यकर्त्यांना सुनावले. विद्यापीठाच्या दाराशी उभ्या असलेल्या कष्टकऱ्याच्या मुलाचा हक्क येथे प्रथम हिशेबाच्या भाषेत नोंदविला गेला.

दार उघडे असणे आणि आत टिकून राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्रातील समाजसुधारकांनी फार लवकर ओळखले होते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली, कारण खेड्यातला मुलगा शहरात आल्यावर राहणार कोठे आणि जेवणार काय, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या आधी येतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि निरनिराळ्या जातींची मुले एकाच पंगतीला बसविली. पुढे १९४७ साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा व शिका' ही योजना उभी राहिली. श्रम करून शिकणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, हे तिचे मर्म होते. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय (१९४६) आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय (१९५०) उभे करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचीही दृष्टी हीच होती.

तेव्हा आज खिडकीपुढे उभा असलेला मुलगा किंवा मुलगी पाहुणी म्हणून आलेली नाही. तिच्या आजोबा-पणजोबांनी ज्याचा खर्च सोसला, त्या संस्थेत ती आपला वाटा घ्यायला आली आहे. शिक्षणाला बाजारातील माल आणि विद्यार्थ्याला गिऱ्हाईक मानणाऱ्या विचाराला याहून सरळ उत्तर नाही. गिऱ्हाईक पैसे देते आणि माल घेऊन निघून जाते. सभासद संस्थेच्या कारभाराविषयी प्रश्न विचारतो, तिच्यासाठी राबतो आणि ती बिघडली तर सुधारण्याची जबाबदारी उचलतो.

दोन दरवाजे : १९३८ आणि २०१६

स्वागत म्हणजे काय, याचे एक उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावयास हवे. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या हैदराबाद संस्थानात विद्यार्थ्यांची चळवळ उसळली. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या महाविद्यालयात 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी घालण्यात आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. संप झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. मराठवाड्यातल्या, तेलंगणातल्या, कर्नाटकी जिल्ह्यांतल्या मुलांचे शिक्षण एका फटक्यात संपल्यात जमा झाले. अशा वेळी संस्थानाच्या हद्दीबाहेर असलेल्या नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले आणि त्यातील अनेकांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या चळवळीतूनच नागपूरला आलेले विद्यार्थी. मराठवाड्यातील त्या पिढीतून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अनेक कार्यकर्ते घडले.

नागपूरने त्या मुलांना भाषा विचारली नाही, संस्थान विचारले नाही, ती शिक्षा होऊन आली आहेत याचाही बाऊ केला नाही. शिकू इच्छिणाऱ्याला जागा देणे, हे विद्यापीठाचे पहिले कर्तव्य त्याने बजावले.

आता दुसरा दरवाजा पाहा. त्याच हैदराबाद शहरातील केंद्रीय विद्यापीठात १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आपले जीवन संपविले. वसतिगृहातून बाहेर काढण्यात आलेल्या पाच संशोधक विद्यार्थ्यांपैकी तो एक होता. त्या मृत्यूनंतर देशभरच्या विद्यापीठांत जो क्षोभ उसळला, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता : ज्याला प्रवेश दिला, त्याला खरोखर आत घेतले होते काय? नव्या विद्यार्थ्यासाठी मांडलेल्या टेबलापाशी बसणाऱ्या कार्यकर्त्याने हे दोन्ही दरवाजे डोळ्यांपुढे ठेवले पाहिजेत. प्रवेशाच्या यादीत नाव लागणे एवढ्याने माणूस संस्थेचा होत नाही.

मदत केंद्राचे काम

प्रवेशाच्या दिवसांत संघटना मदत केंद्र उघडते. एक टेबल, दोन खुर्च्या, एक फलक. या टेबलावर काय घडते, यावर सारे अवलंबून आहे. तेथे घोषणांची पत्रके असतील पण शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख कोणाला ठाऊक नसेल, तर ते टेबल उचलून ठेवलेले बरे.

कार्यकर्त्याला काही गोष्टी तोंडपाठ असल्या पाहिजेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. १९४४ साली सुरू झालेली ही योजना आजही हजारो घरांचा आधार आहे. महाराष्ट्रात शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. मात्र खोलीभाडे, खानावळ, एस.टी.चा पास आणि पुस्तके यांचा खर्च त्या सवलतीत येत नाही, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. अर्धवट माहितीवर विसंबून आलेली मुलगी दिवाळीनंतर परत जाते. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज वेळेवर केला नाही तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची राखीव जागा हातची जाऊ शकते. महाविद्यालय मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू लागले, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्याला मनाई केली आहे, हे दाखवून देता आले पाहिजे.

ही कामे कोणाला किरकोळ वाटतील. पण ज्याचा अर्ज बँक खात्याला आधार क्रमांक जोडलेला नाही म्हणून अडकून पडला आहे, त्याच्या दृष्टीने व्यवस्थेचे सारे स्वरूप त्या एका अडवणुकीत साठलेले असते. ती दूर करताना त्याच्याबरोबर कार्यालयात जावे, अर्ज त्याच्याकडूनच लिहवून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच अडचणीत सापडलेल्या आणखी चौघांना त्याच्याशी जोडून द्यावे. एकाचे काम करून दिले तर एक माणूस उपकृत होतो. पाच जणांनी मिळून केले तर संघटनेचे बीज पडते.

भीती घालविणे

नव्या विद्यार्थ्याची पहिली भीती रॅगिंगची असते. 'ओळख करून घेणे' या गोंडस नावाखाली जे चालते, ते वरच्याने खालच्याला त्याची जागा दाखवून देण्याचेच कृत्य असते. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याचे बंधन संस्थाप्रमुखावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ सालचे आहेत. कायदा आहे, परंतु पहिल्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत कायदा उपस्थित नसतो. तेथे वरच्या वर्गातला एखादा विश्वासू विद्यार्थी हजर असावा लागतो. संघटनेचा सभासद राहत असलेल्या वसतिगृहात रॅगिंग झाले, तर त्याने हात लावला नाही एवढे स्पष्टीकरण पुरेसे होत नाही. त्याने ते थांबविले काय, हाच प्रश्न आहे.

दुसरी भीती इंग्रजीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिला आलेला मुलगा येथे पहिल्या तासाला गप्प बसतो, कारण प्रश्न डोक्यात मराठीत येतो आणि विचारायचा इंग्रजीत असतो. त्याच्या मौनाला अनेकदा मंदपणा समजले जाते. संध्याकाळी ग्रंथालयाच्या ओट्यावर आठ-दहा जणांनी एकत्र बसून एकेक प्रकरण मराठीत समजून घ्यावे आणि मग इंग्रजीत लिहून काढावे, एवढी साधी व्यवस्था वर्षभर नेटाने चालविली, तर ती दहा भाषणांहून अधिक काम करते.

सहभाग म्हणजे काय?

विद्यापीठीय जीवन वर्गाच्या चार भिंतींत संपत नाही. ग्रंथालय, वादविवाद मंडळ, नाट्यस्पर्धा, भित्तिपत्रक, क्रीडांगण, राष्ट्रीय सेवा योजना ही सारी नव्या विद्यार्थ्याची क्षेत्रे आहेत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या शिबिरात शहरी विद्यार्थी खेड्यात सात दिवस राहतो, खड्डे खणतो आणि पाण्याची टंचाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. कार्यकर्त्याने अशा उपक्रमांपासून अलिप्त राहणे म्हणजे विद्यार्थ्यांपासूनच अलिप्त राहणे होय.

याखेरीज कारभारातील सहभागाच्या जागा आहेत, आणि त्यांची माहिती फार थोड्यांना असते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असणाऱ्या अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा, पदवी, पदव्युत्तर व संशोधन या तीन स्तरांवरील तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत आणि ते लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत, असे आयोगाचे २०१५ चे विनियम सांगतात. २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे आणि विद्यापीठासाठी लोकपाल नेमला पाहिजे. या समित्या कागदावर आहेत की प्रत्यक्षात, त्यांच्या सदस्यांची नावे फलकावर लावलेली आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम नव्या विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाकडे सोपवावे. संस्थेचा कारभार समजून घेण्याचा याहून चांगला पहिला धडा दुसरा नाही.

मताचा अधिकार

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयास हवे. १९८९ च्या मार्चपासून या देशात अठरा वर्षांच्या तरुणाला लोकसभेसाठी मत देण्याचा अधिकार आहे. परंतु महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या आपला महाविद्यालयीन प्रतिनिधी थेट मताने न निवडताच पदवीधर झाल्या. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली. निवडणुकांतील गुंडगिरी आणि पैशाचा खेळ यांचे कारण पुढे करून त्या बंद करण्यात आल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणांच्या क्रमावरून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. हिंसाचार खरा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गुंडगिरीची शिक्षा गुंडांना व्हावयास हवी होती. ती सर्वसामान्य विद्यार्थ्यांना झाली. आणि निवडणूक गेल्यामुळे राजकीय पक्षांचा, संस्थाचालकांचा किंवा पैशाचा प्रभाव गेला, असेही घडले नाही. तो फक्त पडद्याआड गेला.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली या प्रश्नाचा विचार केला. निवडणुका घ्याव्यात असेच तिचे मत पडले. मात्र उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा, ७५ टक्के हजेरीची अट, छापील भित्तिपत्रकांना मनाई असे निर्बंध तिने सुचविले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी प्रतिनिधी व मागासवर्गीय प्रतिनिधी यांच्या थेट निवडणुकीची तरतूद केली. २०१९ साली वेळापत्रक जाहीर झाले, आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते पुढे ढकलण्यात आले. कायद्यात लिहिलेला अधिकार मागितल्याखेरीज मिळत नाही, याचा हा वस्तुपाठ आहे. नव्या विद्यार्थ्याला हा सारा इतिहास पहिल्याच सत्रात समजला पाहिजे. ज्याने आपला वर्गप्रतिनिधी कधी निवडला नाही आणि त्याला कधी जाब विचारला नाही, तो नगरसेवकाला आणि आमदाराला जाब विचारील, ही अपेक्षा कशाच्या आधारावर ठेवावयाची?

मात्र विद्यार्थी संघटित झाले म्हणजे ते आपोआप पुरोगामी दिशेने जातात, हा भ्रमही नसावा. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, तेव्हा विद्यार्थी दोन्ही बाजूंना उभे होते. दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणारी मुले एकमेकांविरुद्ध उभी राहिली, कारण त्याआधीच्या वर्षांत त्यांच्यामध्ये कोणतेही समान काम, समान पंगत, समान वाचन उभे राहिले नव्हते. नव्या विद्यार्थ्याचे स्वागत जातीच्या, जिल्ह्याच्या आणि भाषेच्या गटांत विभागून होऊ देणे म्हणजे तोच धोका पुन्हा पत्करणे होय.

महाराष्ट्राबाहेरील सभासदांचे काम

नांदेडचा विद्यार्थी हैदराबादला जातो, जळगावचा इंदूरला, सिंधुदुर्गाची मुलगी गोवा विद्यापीठात, विदर्भातली दिल्लीला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी संघाची निवडणूक विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग घेतो, हे पाहून त्यांना प्रथम नवल वाटते. या शहरांतील मराठीभाषक सभासदांचे घर हा त्या मुलांचा पहिला पत्ता व्हावयास हवा. आठवड्यातून एकदा भाकरी-पिठल्याचे जेवण आणि खोलीमालकाशी स्थानिक भाषेत दोन शब्द, एवढ्याने परक्या गावाची धार बोथट होते. पण त्या घराचे मराठी बेट होऊ नये. तेथून त्या विद्यार्थ्याने तेलुगू, हिंदी, कोंकणी मित्रांमध्ये जावे, त्यांच्या भाषेतले वर्तमानपत्र वाचावे. १९३८ साली नागपूरने जे दिले, त्याची परतफेड प्रत्येक गावात करावयाची आहे.

अभ्यास आणि चळवळ

शेवटचा मुद्दा अभ्यासाचा. पालकांची एक रास्त शंका असते : मुलगा चळवळीत पडला की नापास होणार. तिला रागाने उत्तर देऊ नये, निकालाने द्यावे. कष्टकरी घराने एका मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतलेला असतो. त्याचे वर्ष वाया घालविण्याचा अधिकार कोणत्याही संघटनेला नाही. १२ ऑगस्ट १९३६ रोजी लखनौला देशातील पहिली अखिल भारतीय विद्यार्थी संघटना स्थापन झाली, तेव्हापासूनचा अनुभव असा की जो आपल्या विषयात पक्का, त्याचेच शब्द वर्गात ऐकले जातात. परीक्षेच्या महिन्यात नव्या सभासदाला कार्यक्रमाला ओढू नये. सभासदपत्र भरून घेताना आठवण आणि मोर्चाच्या दिवशी पुन्हा आठवण, मधल्या काळात विसर, ही रीत जेथे असेल तेथे ती मोडून काढली पाहिजे.

तेव्हा या हंगामाची कामे मोजकी आणि स्पष्ट आहेत. मदत केंद्रावर माहिती बिनचूक असावी. वसतिगृहातील पहिल्या आठवड्यात जबाबदार सभासद तेथे राहावा. प्रत्येक महाविद्यालयात सायंकाळचे एक वाचनमंडळ ऑगस्टअखेर सुरू व्हावे. समित्यांच्या सदस्यांची यादी मागणारा अर्ज नव्या विद्यार्थ्यांच्या सह्यांनी दाखल व्हावा. थेट निवडणुकीच्या तरतुदीवर प्रत्येक वर्गात एकदा तरी चर्चा घडावी. आणि जानेवारीत पुन्हा यादी काढून पाहावी : जूनमध्ये टेबलापाशी ज्यांची नावे लिहून घेतली, त्यांतले किती जण अजून वर्गात आहेत? जे दिसत नाहीत त्यांच्या गावी पत्र जावे, शक्य तेथे माणूस जावा. कामाचा खरा अहवाल त्या यादीतून मिळेल.